फळ्यांमधली सांद

पातेल्यावरचं झाकण हातातून निसटलं, फरशीवर आपटलं आणि गरगर फिरत, आवाज बारीक करत करत, चुलीच्या पायाशी जाऊन एकदाचं आडवं झालं.

धाकटीने जीभ चावली. दाराआडची बैठक नुकती कुठे स्थिरावली होती. इतकी शांतता होती की दूध वर यायला लागल्याचं तिला ऐकूनच कळलं, आणि म्हणून तर तिने घाईने हात घातला. आता सगळ्या बैठकघराला समजलं, राखणदाराच्या घरी दूध तापतंय.

कोपऱ्यात बसलेल्या सासूने नुसत्या डोळ्यांनी विचारलं, आणखी काही पाडायचं राहिलंय का? पाळण्यातलं बाळ दचकून हातपाय ताणायला लागलं. त्याचा ओठ वाकडा झालेला दिसताच धाकटीने त्याला उचललं, छातीशी दाबलं आणि मागच्या दाराने थेट धुण्याच्या दगडापर्यंत पळ काढला. तिथे रडायला मुभा होती. बाळाने ती मनसोक्त वापरली.

बैठकघर म्हणजे एक लांबट दगडी खोली. आत मूर्ती नाही, चित्र नाही, वाजवायला काही नाही. माणसं येत, बाकांवर बसत आणि गप्प राहत. ज्याच्या पोटातून काही वर येईल त्याने उभं राहून बोलावं. नाही कुणाच्या आलं, तर सगळ्यांनी तसंच उठून घरी जावं. काम इतकं सोपं, पण तेवढ्यासाठीसुद्धा मधोमध फळ्यांची भिंत लागत होती. जमिनीपासून छतापर्यंत, आरपार. खाणीकडच्या बाजूला गिरणीवाल्याची मंडळी बसत, ओढ्याकडच्या बाजूला मास्तरांची. दोघांची वेळ एक, रीत एक, एकमेकांचे खोकलेही त्यांना पाठ होते. पण भिंत ती भिंत.

मागची खोली राखणदाराची. तिला दोन दारं, एक या बाजूला उघडणारं, एक त्या. बैठकीच्या दिवशी दोन्ही किलकिली ठेवायची, कुणाला पाणी लागलं तर द्यायचं, आणि आपण मात्र कुठल्याच बाजूला बसायचं नाही. सासरा गेला तेव्हा हे काम सुताराकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे आलं, आणि सुताराकडे आलं म्हणजे धाकटीकडे आलं. सुतार अंगणात रंधा मारायचा. झाडणं, पुसणं, चुना लावणं तिच्या वाट्याला. थोरली जाऊ शहरात जाऊन तिथलीच झाली होती. घरात सून ही एकटीच, तरी नाव धाकटीच राहिलं.

पुसता पुसता इमारत तिला अंगासारखी माहीत झाली होती. दाराजवळच्या दगडांत लोखंडी कड्या होत्या, कारण बैठकघर होण्याआधी खाणीतले पाथरवट इथे हत्यारं टांगायचे. एका भिंतीवर कितीही चुना लावला तरी पावसाळ्यानंतर पाढे वर यायचे. मधली काही वर्षं इथे शाळा होती. पुराच्या साली जनावरं आत बांधली होती, तेव्हाचे शिंगांचे ओरखडे खालच्या बाकांवर होते. तापाच्या साली बाक जोडून त्यांवर आजारी माणसं निजवली होती. त्या बाकांवर ओरखडा नव्हता, डाग नव्हता. ते बाक ती का कोण जाणे, दोनदा पुसायची.

बैठक उठली. गिरणीवाला पाणी प्यायला नेहमीसारखा आपल्या बाजूच्या दाराशी आला. भुवयांत पीठ, खांद्यावर पीठ, सुट्टीच्या दिवशीही. झाकण पडल्यावर सासूने ते दार ओढून घेतलं होतं. त्याने ते ढकललं. दार हललं नाही.

"अगं धाकटे, आतून कडी लावलीस का? का झाकण पडलं म्हणून तोंड लपवतेस?"

"नाही हो काका, जड झालंय ते. जरा खांदा लावा."

गिरणीवाल्याने खांदा लावला. दार कुरकुरलं, बोटभर सरकलं आणि चौकटीच्या वरून भुसा सांडला. तो त्याच्या डोक्यावर पडला. तिथे आधीच पीठ होतं म्हणून कुणाला फरक कळला नसता, पण सुतार तेवढ्यात अंगणातून आला होता आणि त्याने तो भुसा चिमटीत धरला.

"हे दार मी पावसाळ्यात दोनदा रंधून दिलं," तो म्हणाला. "म्हटलं, ओलीने फुगतंय."

मग त्याने वर बघितलं, आणि बराच वेळ खाली बघितलंच नाही.

शिडी लावून तो तुळईपर्यंत चढला. धाकटी बाळाला काखेला मारून खाली शिडी धरून उभी राहिली. तिची मोठी मुलगी खारू बाकांवरून उड्या मारत तिथे आली. खार जशी कुठेही चढते तशी ही चढायची, म्हणून खारू. सुताराने तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे पटाशी टेकवली. ठोकावी लागलीच नाही. ओल्या मातीत जावी तशी मुठीपर्यंत आत गेली.

"वाळवी?" धाकटीने विचारलं.

"वाळवी, ओल, सगळं." तो वरूनच बोलला. "हे टोक कधीच गेलंय. तुळई भिंतीवर नाहीच आता. ती या फळ्यांवर टेकलीय. मी मूर्ख दार तासत बसलो, आणि वरून छप्पर खाली येत होतं."

"म्हणजे फळ्या नसत्या तर?"

"तर आधी छप्परच पडलं असतं, झाकणाचा आवाज ऐकायला कुणी उरलं नसतं."

संध्याकाळच्या आत दोघे वडीलधारे अंगणात हजर झाले. गिरणीवाला ओंडक्यावर बसला, मास्तर घडीच्या खुर्चीवर; ती खुर्ची ते घरूनच घेऊन येत. शाळा सुटून त्यांना जमाना झाला होता, पण बोलताना समोरच्याचे कान अजून त्यांच्या हातात असल्यासारखे ते बोलत. दोघांमध्ये हाताचं अंतर होतं. तरीही ते एकमेकांशी बोलले नाहीत. कधीच बोलत नसत. काय सांगायचं ते राखणदाराच्या घरातल्या माणसाला सांगायचं आणि त्याने पोचवायचं. सासऱ्याने हे जन्मभर केलं होतं. आता बाळाला पाजत पायरीवर बसलेल्या धाकटीवर ती वेळ आली.

"धाकटे, त्यांना म्हणावं, इमारत जीर्ण झाली," मास्तर म्हणाले. "कुणाच्या डोक्यावर पडायच्या आत जागा सोडलेली बरी. पलीकडच्या गावात सभागृह आहे, तिथे जाता येईल."

"काका, मास्तर म्हणतायत..."

"ऐकलं मी. बहिरा नाही. त्यांना सांग, तिथे बैठकीत गाणी म्हणतात. पेटीसुद्धा आहे. मी आठवडाभर गिरणीच्या घरघरीत असतो. इथे येतो तो गप्प बसायला मिळतं म्हणून. देवाशी भांडणबिंडण नाही माझं, पण त्याने जरा हळू बोलावं."

मास्तरांच्या ओठाचा कोपरा हलला. "त्यांना विचार, मग छताचं काय करायचं? पीठ लावून चिकटवायचं?"

धाकटीने बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं. तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जागा सोडायची म्हणजे ही दगडी खोली सोडायची, आणि मागची खोलीही. ही पायरी, हा धुण्याचा दगड, सुताराचं अंगण, पाळण्याची कडी. बैठकघर नाही तर राखण कशाची? दोन्ही म्हाताऱ्यांना आपापली घरं होती. त्यांनी तिला हे विचारलं नव्हतं, ते विसरले होते. विसरले याचंही तिला वाईट वाटलं नाही; झाकण पडल्याशिवाय त्यांना ही खोली आठवायची तरी कधी?

"मी एक बोलू?" सुतार म्हणाला. तो दारात उभा होता, हात अजून भुशाने माखलेले. "तुळई बदलायची गरज नाही. मधलं लाकूड ठणठणीत आहे. टोक कापायचं आणि दोन्ही अंगांनी जाड फळ्या लावून बोल्टांनी जखडायचं. तसं केलं तर आपल्या पोरांच्या पोरांपर्यंत बघायला नको. पण फळ्या जुन्या, मुरलेल्या हव्यात. नवं लाकूड वर्षात वाकतं."

"मग आण की जुन्या," गिरणीवाला म्हणाला.

"आणायच्या कुठून? त्या आहेत तिथेच आहेत."

कळायला दोघांनाही थोडा वेळ लागला. मग दोघांनी एकदमच दाराकडे, दारातून दिसणाऱ्या भिंतीकडे बघितलं.

"त्यांच्या बाजूच्या घे," मास्तर म्हणाले.

"का? यांच्या बाजूच्या घे ना. ओढ्याकडच्या लाकडाला ओल प्यायची सवय आहे, यांनीच सांगितलंय गावभर."

"दोन्हीकडच्या लागतील," सुतार म्हणाला. "सगळ्या. आणि खाली टेकू दिल्याशिवाय एकीलाही हात लावता येणार नाही."

त्यावर कुणी हो म्हटलं नाही. मास्तरांनी खुर्ची घडी केली, गिरणीवाल्याने ढुंगण झटकलं. "बघू," एक म्हणाला. "बघू म्हणावं," दुसरा म्हणाला. त्या दिवशी दोघांचा निरोप पहिल्यांदा एकच निघाला, आणि तो धाकटीला पोचवावा लागला नाही.

ते "बघू" आठवडाभर चाललं. सुतार टेकूंसाठी खांब तासत राहिला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. धाकटीने एकीकडे भांड्यांची एक पेटी भरून ठेवली, मग चहाला कप लागले म्हणून परत उघडली. रात्री झोपेत बाळाच्या पाठीवर हात ठेवला की वर काही कुरकुरतंय का, तिकडे तिचा कान जायचा.

एका दुपारी ती दिव्यांच्या काचा पुसत होती आणि सासू त्या वाळत मांडत होती. खारू भिंतीच्या फळीला डोळा लावून उभी.

"आजी, ही भिंत कुणी केली?"

"मोठ्या माणसांनी."

"कशाला?"

सासूने काच उन्हात धरून बघितली. धाकटीला वाटलं, टाळतील. इतक्या वर्षांत तिने स्वतः कधी विचारलं नव्हतं, आणि सासू कधी आपणहून बोलली नव्हती.

"माझी आई रडली म्हणून," सासू म्हणाली.

खारू वळली.

"तापाच्या साली माझा भाऊ गेला. आपल्या या बाळाएवढा. त्या बाकावर गेला, तो कडेचा. आठवड्याने बैठक बसली. आई मधोमध बसली होती. आणि मग रडायला लागली. हळू नाही, मोठ्याने. थांबेचना. काही जण म्हणाले, हिला बाहेर न्या, असं कसं बसायचं? काही म्हणाले, बाहेर का? जे पोटातून येईल ते बोलायचं ना इथे? तिच्या पोटातून हेच आलं. हेच तिचं बोलणं. त्यावरून जुंपली. पुढच्या बैठकीला निम्मी माणसं बाहेर झाडाखाली बसली. मग ही भिंत आली."

"मग बाहेर नेलं का तिला?"

"ती आपली आपणच गेली. परत आली नाही कधी." सासूने दुसरी काच उचलली. "मला पुढे लग्नाची मागणी कुठल्याच बाजूने आली नाही. रडकीची पोर. तुझ्या आजोबांच्या घराला बाजू नव्हती. म्हणून मी इथे."

खारूला हे सगळं पटल्यासारखं दिसलं. तिने परत फळीला डोळा लावला. धाकटी मात्र तीच काच पुसत राहिली, आरपार दिसायला लागली तरी.

"अहो आई," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? काढावी का भिंत?"

"छप्पर पडतंय ना?"

"हो."

"मग त्यात मला काय वाटायचं? काढा."

आठवड्याच्या शेवटी गिरणीवाला सकाळीच आला, पिठाशिवाय. त्याला असं आधी कुणी बघितलंच नव्हतं. सुताराने दोन क्षण ओळखलं नाही. हातात पहार होती. पाठोपाठ मास्तर आले. खुर्ची नव्हती. त्यांनीही पहार आणली होती, पण ती कशी धरायची ते त्यांना कुणी शिकवलेलं नसावं.

"त्यांना सांग धाकटे," गिरणीवाला म्हणाला, "माझी पोरं पलीकडच्या गावाला जाऊन बघून आली. टाळ्यासुद्धा वाजवतात."

मास्तरांनी डोळे मिटले. "काढा भिंत," ते म्हणाले.

टेकू लागले. सुताराने खाली पाचरी ठोकत ठोकत तुळई केसभर उचलली, तेव्हा सगळी इमारत एकदा कण्हली आणि कौलांमधून धूळ खाली आली. मग गप्प झाली. पहिली फळी खाणीकडची निघाली. तिच्या पाठीला लगेच ओढ्याकडची फळी लागायला हवी होती. ती दिसली पार मागे. दोन्हींच्या मध्ये हातभर सांद, काळोखी.

"दोन भिंती आहेत या!" गिरणीवाला म्हणाला.

सासू मागून बोलली. "असणारच. यांनी यांच्या बाजूने ठोकली. त्यांना यांच्या फळ्यांची पाठ बघत बसायचं नव्हतं, म्हणून त्यांनी त्यांची वेगळी ठोकली."

फळ्या निघत गेल्या तशी सांद उघडी पडली. तळाशी उंदरांची घरं, जाळी, धूळ, आणि त्या धुळीत काहीतरी चमकलं. खारू कुणी अडवायच्या आत आत घुसली आणि मुठी भरून बाहेर आली. बटणं. चिंध्यांची एक बाहुली, तिचं डोकं उंदराने नेलेलं. पेन्सिलीचे तुकडे. वाळून खडा झालेली बोरं. रंगीत दोरे, चमच्याचं डोकं, एक दातसुद्धा, दुधाचा.

"हे काय भंगार?" सुतार म्हणाला.

 मग मास्तर खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि धुळीतून एक पत्र्याची शिट्टी उचलली. सदऱ्याला पुसली.

"ही माझी," ते म्हणाले. "फळीतल्या त्या गाठीच्या भोकातून आत ढकलली होती मी. बैठक चालू असताना. पलीकडच्या पोराला." त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही. "म्हटलं, तोही काहीतरी देईल. पडल्याचा आवाज आला, म्हणजे पोचली. कितीतरी आठवडे वाट बघितली."

गिरणीवाला खारूच्या मुठीतलं चाळवत होता. त्याने काचेची गोटी बाहेर काढली, पोटात निळा धागा असलेली, आणि उजेडात धरली.

"अरे लेका," तो म्हणाला. या वेळी मधे धाकटीला न घेता. "मी गोटी टाकली होती तुला! माझी चांगलीतली! मला वाटलं, घेऊन बसला. सगळ्या पोरांना सांगितलं मी, ओढ्याकडचे घेतात आणि देत नाहीत. बायकोला सांगितलं. पोरांना सांगितलं!"

"आम्ही तेच तुमच्याबद्दल सांगायचो."

"जन्मभर?"

"जन्मभर."

गिरणीवाला आधी हसला की खोकला, ते कळलं नाही. मास्तरांनी शिट्टी ओठाला लावून बघितली. वाजली नाही, नुसती धूळ उडाली. मग गोटी आणि शिट्टीची अदलाबदल झाली, दोन मोठी माणसं सौदा करतात तशी, चेहरे गंभीर ठेवून. सासू मात्र त्या सगळ्यात नव्हती. ती सांदीच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. तिने चपलेने थोडी धूळ बाजूला केली.

"इथेच बसली होती," ती म्हणाली, फक्त धाकटीला ऐकू जाईल इतकं. "बरोबर इथून भिंत नेली."

मग तिने झाडू मागितला.

पुढचे दिवस कामात गेले. सुताराने सडलेलं टोक कापलं. खाणीकडची एक आणि ओढ्याकडची एक अशा फळ्या तुळईच्या दोन अंगांना आवळल्या. बोल्ट पिळताना त्याच्या तळहातांची सालं गेली. धाकटीने रात्री तेल लावलं तर ओरडला. उरलेल्या फळ्यांतून दाराला नवी चौकट केली. जुनं दार दोनदा तासून इतकं लहान झालं होतं की त्यातून वारा यायला लागला. भांड्यांची पेटी धाकटीने कायमची रिकामी केली आणि त्यात बाळाचे कपडे ठेवले.

बैठकीचा दिवस आला. भिंत नव्हती, पण माणसं आपापल्या जुन्याच बाकांवर जाऊन बसली, तशीच, त्याच ओळीत. मधोमध जमिनीवर एक पट्टा होता, भिंतीच्या रुंदीचा. तिथल्या फरशीला इतकी वर्षं पाय लागले नव्हते, त्यामुळे ती काळसर, नवी दिसत होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या बायका पट्ट्याकडे बघत होत्या, जणू ओढा ओलांडायचा होता.

"आपण कुठे बसायचं?" धाकटीने दारात विचारलं.

"राखणदाराने कुठल्याच बाजूला बसायचं नाही," सुतार म्हणाला. "रीत आहे."

कामाच्या वेळी मागच्या खोलीत हलवलेला एक बाक त्याने उचलला, तापाच्या सालचा, कडेचा, आणि नेऊन बरोबर पट्ट्यावर ठेवला. गिरणीवाल्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खांदे उडवले. सासू आधी बसली. मग खारू, मग बाळाला घेऊन धाकटी. इतकी वर्षं दाराच्या फटीतून ऐकलेली शांतता आता चारी बाजूंनी होती. ती वेगळीच होती. जड नव्हती; माणसं तिच्यात श्वास घेत होती. वर नवे बोल्ट दिसत होते. सासूने हात मांडीवर ठेवले होते आणि ती समोर बघत होती, डोळे कोरडे.

बाळ आधी शांत होतं. मग त्याने मान वळवली, इकडच्या माणसांकडे बघितलं, तिकडच्या माणसांकडे बघितलं. हातपाय ताणले. धाकटीने त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं. मागचं दार कुठे आहे, ते तिने डोळ्यांनी मोजलं. पोचायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागणार होतं. बाळाचा खालचा ओठ वाकडा झाला. एक बारीक आवाज निघाला, सुरुवातीचा. दोन्हीकडची डोकी वळली. सासूचा हात मांडीवरून उठला आणि तिने तो धाकटीच्या दंडावर ठेवला, घट्ट. धरण्यासाठी की थांबवण्यासाठी, ते धाकटीला कळलं नाही.

खारूने भावाकडे बघितलं, वर तुळईकडे, तिच्या दोन अंगांना जखडलेल्या फळ्यांकडे बघितलं. मग बैठकघरात कुणी बोलायला उभं राहतं तशी ती बाकावर उभी राहिली आणि मोठ्याने विचारलं,

"आई, बाळ रडलं तर भिंत परत लावणार का?"